घरच्या कॉम्प्युटरवर सारखे येणारे सुरक्षा-इशारे: कोणते बंद करायचे, कोणते राहू द्यायचे

"भाऊ, हा कॉम्प्युटर सारखा व्हायरस-व्हायरस करून राहिला, त्याचं तोंड बंद करून द्या." नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कोणालाही हे वाक्य ओळखीचं आहे. यावर घाईचा उपाय म्हणजे विंडोजमधलं संरक्षणच बंद करून टाकणं. तसं केलेली घरं कमी नाहीत. त्यानं इशारे थांबत नाहीत, कारण त्यातले बहुतेक विंडोजने दिलेलेच नसतात. जे खरंखुरं काम करत होतं ते मात्र बंद पडतं.

म्हणून आधी इशारा कोण देतंय ते ओळखायचं आणि मग तिथेच जाऊन त्याला थांबवायचं. कॉम्प्युटर चालू-बंद करता येतो, माउस हातात बसला आहे, एवढं येत असेल तर पुढचं सगळं जमेल. हे विंडोज १० आणि ११ साठी आहे. बहुतेकांच्या घरी विंडोज इंग्रजीतच असते, म्हणून मेनूंची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच इथे देवनागरीत दिली आहेत.

आधी बघा, बोलतंय कोण

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट आली की ती लगेच फुलीवर क्लिक करून घालवू नका. दोन सेकंद थांबून चौकटीवरचं नाव वाचा. चौकट निसटून गेली असेल तर विंडोज ११ मध्ये विंडोज बटण आणि एन ही अक्षराची कळ एकत्र दाबा, विंडोज १० मध्ये विंडोज बटण आणि ए. येऊन गेलेल्या सूचना तिथे रांगेनं दिसतात.

नाव 'गूगल क्रोम' किंवा 'मायक्रोसॉफ्ट एज' असेल आणि सोबत एखाद्या वेबसाइटचा पत्ता असेल, तर तो इशारा त्या वेबसाइटचा आहे. मजकुरात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं लिहिलेलं असो की त्यावर एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह असो. वेबसाइटला तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फायली तपासताच येत नाहीत, त्यामुळे तो मजकूर खोटाच असतो.

नाव मॅकॅफी, नॉर्टन, क्विक हील असं असेल आणि सोबत वेबसाइटचा पत्ता नसेल, तर ते तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या अँटिव्हायरसचं बोलणं आहे. आणि 'विंडोज सिक्युरिटी' हे नाव व ढालीचं चिन्ह असेल तर विंडोज स्वतः बोलत आहे. तिन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा आहे. पहिल्याला जरासुद्धा दयामाया दाखवायची नाही, दुसऱ्याबद्दल एक निर्णय घ्यायचा, तिसऱ्याचा फक्त आवाज कमी करायचा.

वेबसाइटचे इशारे: सगळ्यात जास्त त्रास इथूनच

हे इशारे घरात शिरतात कसे ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा शिरणार नाहीत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी बोर्डाची साइट उघडायला वेळ लागतो, मग सर्चमध्ये दिसलेल्या दुसऱ्याच साइटवर आपण जातो. जामठ्याला मॅच असते आणि कोणीतरी फुकट बघायची लिंक पाठवतं. कोणी कळमन्याचे संत्र्याचे भाव शोधत असतं. पान उघडताच वर डाव्या बाजूला एक छोटी चौकट येते, 'शो नोटिफिकेशन्स' असं विचारते आणि खाली 'अलाऊ' आणि 'ब्लॉक' अशी दोन बटणं असतात. पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी 'अलाऊ' दाबा, किंवा व्हिडिओ सुरू करण्यासाठी 'अलाऊ' दाबा. खऱ्या रोबोट-तपासणीत 'अलाऊ' दाबायला कधीच सांगत नाहीत. पण घाई असते, आपण दाबून मोकळे होतो. त्या क्षणापासून त्या साइटला तुमच्या पडद्यावर हवं तेव्हा चौकट टाकण्याची परवानगी मिळते. ती साइट पुन्हा कधी उघडली नाही तरी परवानगी तशीच राहते.

क्रोममध्ये ती अशी काढायची. उजवीकडे वर तीन उभे ठिपके आहेत, त्यावर क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा. डावीकडे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. या पानावर थोडं खाली गेलात की 'अलाऊड टू सेंड नोटिफिकेशन्स' अशी यादी दिसेल. ज्या साइटचं नाव ओळखीचं नाही, किंवा नुसतीच अक्षरं-आकडे एकत्र केल्यासारखं आहे, तिच्यासमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'ब्लॉक' निवडा. तिथेच 'रिमूव्ह' असाही पर्याय असतो. पण 'रिमूव्ह' केलेली साइट पुढच्या वेळी परत परवानगी मागू शकते, 'ब्लॉक' केलेलीला ते जमत नाही. यादीत मुलांच्या शाळेचं ॲप किंवा तुमचा ईमेल असेल आणि त्याच्या सूचना हव्या असतील तर तेवढं राहू द्या.

मग त्याच पानावर सगळ्यात वर या. 'डोन्ट अलाऊ साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स' हा पर्याय निवडून टाका. आता कोणतीही साइट विचारणारच नाही. घरात आजी-आजोबा किंवा लहान मुलं तोच कॉम्प्युटर वापरत असतील तर हे एक पाऊल बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. वेबसाइटच्या सूचनांवाचून घरच्या कॉम्प्युटरवर कोणाचं काही अडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एजमध्ये आवृत्तीनुसार मेनू इकडेतिकडे हलवलेले असतात, म्हणून सोपा मार्ग असा: तीन ठिपके, 'सेटिंग्ज', आणि तिथल्या शोधाच्या चौकटीत नोटिफिकेशन्स हा शब्द इंग्रजीत टाइप करा. साइट परवानग्यांचं पान समोर येईल, पुढची कृती क्रोमसारखीच. फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', खाली 'परमिशन्स' या भागात 'नोटिफिकेशन्स'समोरचं 'सेटिंग्ज' बटण. तिथे नव्या विनंत्या अडवण्यासाठी एक चौकोन आहे, त्यात खूण करा.

घरात दोन ब्राउझर वापरात असतील तर दोन्हींत हे करावं लागतं. क्रोममध्ये एकापेक्षा जास्त जणांची प्रोफाइलं असतील तर प्रत्येकात वेगळं. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं: वडिलांच्या प्रोफाइलमध्ये सगळं साफ केलेलं असतं आणि इशारे मुलाच्या प्रोफाइलमधून येत असतात.

पडदाभर लाल पान, भोंगा आणि फोन नंबर

हा प्रकार वेगळा. काहीतरी वाचत असताना अचानक पूर्ण पडदा निळा किंवा लाल होतो, भोंगा वाजू लागतो, एक बाई इंग्रजीत किंवा हिंदीत सांगू लागते की कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह असतं. माणूस घाबरतो, आणि हे पान बनवणाऱ्या भामट्यांना तेच हवं असतं.

एक गोष्ट पक्की धरून ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला म्हणजे फसवणूक. या धंद्याची कॉल सेंटरं आपल्याच देशातही चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या नावानं देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदवलेले अशा बनावट तांत्रिक मदतीचे गुन्हेही होते.

असं पान आलं तर आधी आवाज बंद करा, म्हणजे डोकं शांत राहतं. मग एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा, पूर्ण पडद्यावरून पान बाहेर येईल आणि ब्राउझरची फुली दिसेल. नाही आलं तर ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबा. तरीही हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडा, यादीतलं ब्राउझरचं नाव निवडा आणि 'एंड टास्क' करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर तो विचारेल की मघाची पानं परत उघडू का, 'रिस्टोअर' असं बटण दिसेल. ते दाबायचं नाही. एवढं झालं की पान गेलं. नुसतं पान दिसल्यानं आणि बंद केल्यानं कॉम्प्युटरला काही झालेलं नसतं.

फोन केला गेला असेल, समोरच्यानं एनीडेस्क किंवा तसलं ॲप टाकायला लावून पडदा ताब्यात घेतला असेल, तर गोष्ट गंभीर आहे. आधी वायफाय बंद करा. दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला फोन करा आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड बदला. ते ॲप काढून टाका. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच गोठवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते, आणि नागपूर शहर पोलिसांचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणंही आहे. घरातल्या कोणा वडीलधाऱ्यांकडून असं झालं असेल तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीनं माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात.

नव्या लॅपटॉपसोबत आलेला अँटिव्हायरस

नवा लॅपटॉप घेतला की त्यात बऱ्याचदा एखादा अँटिव्हायरस आधीच बसवलेला असतो, ठरावीक मुदतीसाठी फुकट. मुदत संपत आली की रोजचा ससेमिरा सुरू होतो: 'तुमचं संरक्षण संपत आहे', 'आता धोका आहे', 'आजच नूतनीकरण करा'. भाषा इशाऱ्याची, पण हेतू विक्रीचा. इथे तुम्हाला एकच ठरवायचं आहे, तो पैसे देऊन ठेवायचा का.

ठेवायचा नसेल तर अर्धवट पडू देऊ नका, पूर्ण काढा. 'सेटिंग्ज', 'ॲप्स', मग विंडोज ११ मध्ये 'इन्स्टॉल्ड ॲप्स' किंवा विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स'. यादीत त्याचं नाव शोधा, 'अनइन्स्टॉल' करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. एकाच कंपनीची दोन-तीन नावं असू शकतात, सगळी काढा. हट्टानं राहिलं तर मॅकॅफी, नॉर्टन अशा कंपन्या स्वतःच्या साइटवर खास काढून टाकण्याचं साधन देतात, ते तिथूनच घ्या, दुसरीकडून नको.

मग विंडोज उघडं पडत नाही का, ही शंका रास्त आहे. दुसरा अँटिव्हायरस काढला की विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपोआप सुरू होतो. खात्री करा: स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर हिरवी खूण दिसली पाहिजे. घरच्या वापराला डिफेंडर पुरेसा आहे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवणं मात्र टाळा, एकमेकांत अडकतात आणि कॉम्प्युटर मंद होतो.

कार्ड देऊन वर्गणी सुरू केली असेल तर प्रोग्राम काढल्यानं वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन आपोआप होणारं नूतनीकरण बंद करावं लागतं. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून तसा मेसेज आला तर वाचल्याशिवाय डिलीट करू नका.

पैसे भरलेला, वापरात असलेला अँटिव्हायरस असेल तर तो राहू द्या. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाहिराती आणि ऑफरच्या सूचना बंद करण्याची सोय बघा. बहुतेकांमध्ये 'सायलेंट मोड' किंवा 'गेम मोड'ही असतो, तपासणी चालू राहते आणि चौकटी येत नाहीत.

विंडोजचे स्वतःचे इशारे

इथे सावकाश. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, डावीकडे खाली दातेरी चाकाचं 'सेटिंग्ज' आहे, त्यात 'मॅनेज नोटिफिकेशन्स'. पहिल्याच भागात तीन चौकोन दिसतील. 'रीसेंट ॲक्टिव्हिटी अँड स्कॅन रिझल्ट्स' म्हणजे 'तपासणी झाली, काही सापडलं नाही' असं सांगणारी चौकट. ती बिनधास्त बंद करा, तपासणी होतच राहते. 'थ्रेट्स फाउंड, बट नो इमिजिएट ॲक्शन इज नीडेड' आणि 'फाइल्स ऑर ॲक्टिव्हिटीज आर ब्लॉक्ड' हे दोन राहू द्या, काहीतरी अडवलं गेलं हे कळायला हवं. खाली 'अकाउंट प्रोटेक्शन'च्या सूचना आहेत, विंडोज हॅलो (चेहरा, बोट किंवा पिननं साइन इन करण्याची सोय) वापरत नसाल तर बंद करू शकता. फायरवॉलच्या, म्हणजे नेटवरून आत-बाहेर होणाऱ्या ये-जा वरच्या पहारेकऱ्याच्या, सूचना मात्र चालू ठेवा. हे सगळं बंद केलं तरी अगदी गंभीर इशारे विंडोज देतच राहते, आणि तसंच हवं.

घड्याळाजवळच्या ढालीवर पिवळा त्रिकोण बसला की पुष्कळांना काळजी वाटते. विंडोज सिक्युरिटी उघडून तो कशाबद्दल आहे ते वाचा. 'वनड्राइव्ह सुरू करा' किंवा 'मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करा' असा सल्ला असेल आणि तुम्हाला तो नको असेल तर खालच्या 'डिसमिस'वर क्लिक करा, त्रिकोण जातो. 'मेमरी इंटेग्रिटी इज ऑफ' असं असेल तर ते (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारं संरक्षण) आधी चालू करून बघा. जुन्या प्रिंटरचा किंवा डोंगलचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) आड येत असेल तर यादीत त्याचं नाव दिसेल. नवा ड्रायव्हर मिळत नसेल तर 'डिसमिस' करून चालेल. लाल फुली असेल तर डिसमिस करायचा विचारही नको, त्यात काय लिहिलंय ते करा.

'विंडोज वापरण्याच्या टिपा', 'सेटअप पूर्ण करा' ही भुणभुण सुरक्षेची नसते, पण तशीच वाटते. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स' या पानाच्या तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' आहे, तिथल्या सूचना आणि टिपांच्या खुणा काढून टाका. विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा किंवा मुलाखत असेल तर तेवढ्यापुरतं 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. विंडोज १० मध्ये यालाच 'फोकस असिस्ट' म्हणतात.

एखादा प्रोग्राम उघडताना पडदा अंधारतो आणि 'या ॲपला बदल करू द्यायचे का' असं विचारलं जातं, ते बंद करण्याची मागणी बरेच जण करतात. करू नका. हा प्रश्न तुम्ही स्वतः काही बसवत असताना आला तर ठीक, प्रोग्राम बनवणाऱ्याचं नाव वाचून 'येस' म्हणा. तुम्ही काहीच करत नसताना आला तर 'नो'. कॉम्प्युटर सुरू होताच दररोज येत असेल तर 'टास्क मॅनेजर'मधल्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये तो प्रोग्राम शोधा आणि गरज नसेल तर 'डिसेबल' करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर पोट्टे कूलरसमोर कॉम्प्युटरवर बसतात, त्यांच्यासाठी 'स्टँडर्ड' प्रकारचं वेगळं खातं बनवा. तुमच्या खात्याच्या पासवर्डाशिवाय त्यांना पूर्ण कॉम्प्युटरवर बदल करणारं काही बसवता येणार नाही.

दाबून टाकू नये असा एक इशारा

डिफेंडर वारंवार 'हॅकटूल' किंवा 'ऑटोकेएमएस' असं नाव दाखवत असेल, तर कॉम्प्युटरवर विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करण्यासाठी क्रॅक वापरलेला आहे. सुटे भाग जुळवून बनवून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये अनेकदा मालकाला याची कल्पनाही नसते. यावर 'एक्सक्लुजन'मध्ये ते फोल्डर टाका, म्हणजे इशारा येणार नाही, असा सल्ला सर्रास मिळतो. एक्सक्लुजन म्हणजे त्या फोल्डरकडे डिफेंडर पुढे कधीच बघणार नाही, आणि क्रॅकसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येणं ही नेहमीची गोष्ट आहे. ज्या कॉम्प्युटरवरून महावितरणचं बिल आणि बँकेचे व्यवहार होतात तिथे ही सूट देऊ नका. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा, तळाशी 'एक्सक्लुजन्स' बघा. तुम्ही टाकलेलं नाही असं काही तिथे असेल तर काढा. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. कॉम्प्युटर स्वतः रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. आधी उघड्या फायली सेव्ह करा, आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

विंडोज १० वापरत असाल आणि 'सपोर्ट संपला' असा इशारा खुद्द विंडोज अपडेटमध्ये दिसत असेल तर तोही खरा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले. घरच्या ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली, तिची नोंदणी 'विंडोज अपडेट'च्या पानावरूनच होते. विंडोज ११ चालेल का हे 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्या ॲपवरून कळतं. 'टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही' असं उत्तर आलं तर नवीन कॉम्प्युटर घ्यायला निघण्याआधी बर्डीत किंवा जवळच्या दुकानात बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्ज) तपासून घ्या. जुळवून घेतलेल्या पुष्कळ मशिनींत टीपीएम असतो, फक्त बंद ठेवलेला असतो.

मुलगा-मुलगी पुण्याला किंवा हैदराबादला असेल आणि फोनवर सांगून जमत नसेल, तर विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आहे. मुलानं आपल्याकडून दिलेला कोड तुम्ही टाकायचा, मग त्याला तुमचा पडदा दिसतो. कोड फक्त तुम्ही स्वतः फोन लावलेल्या, आवाज ओळखीचा असलेल्या माणसाचाच टाका. समोरून आलेल्या फोनवर कोणी कोड सांगू लागलं तर फोन ठेवून द्या, तो कितीही गोड बोलला तरी.